पेकोसचा उकिरडा आणि पेकोसची माणसं

मंडळाच्या कपाटात इंग्रजी पुस्तकं फार नाहीत, आणि आहेत त्यांतल्या निम्म्यांना वर्षानुवर्षं कुणी हात लावत नाही. त्यातलंच एक मी गेल्या पावसाळ्यात घरी नेलं. अल्फ्रेड व्हिन्सेंट किडर याचं, अमेरिकेच्या नैर्ऋत्य भागातल्या पुरातत्त्वाची ओळख करून देणारं. मूळ १९२४ चं. आपल्याकडची प्रत १९६२ च्या पुनर्मुद्रणाची. आपल्या बैठकांत किडरचं नाव बरेचदा निघतं. कुणी एखाद्या पांढरीवर जाऊन पिशवीभर खापरं वेचून आला की ज्येष्ठांपैकी कुणीतरी म्हणणारच, "थर बघितलास का? आधी किडर वाच." मीही नवख्यांना हे ऐकवलंय. आणि आता कबूल करतो, तेव्हा मी स्वतः ते पुस्तक अर्धंच वाचलं होतं.

या वेळी पूर्ण वाचलं. त्याच गावाविषयी त्याच्या आधी आणि नंतर इतरांनी जे लिहिलं, त्यातलंही मिळालं तेवढं वाचलं. कौतुक कमी झालं नाही. पण एक तक्रार तयार झाली. ती आपल्या कामालाही लागू पडते, म्हणून हे टिपण.

आधी गाव. पेकोस न्यू मेक्सिकोत, सांता फे शहराच्या आग्नेयेला. डोंगरातली खिंड ओलांडून खोऱ्यात उतरलं की एक लांबट, खडकाळ सोंड लागते, तिच्यावर हे गाव वसलेलं. उंची समुद्रसपाटीपासून सात हजार फुटांच्या आसपास. पश्चिमेला रिओ ग्रांदे नदीकाठची शेतकरी गावं, पूर्वेला गवताची मैदानं आणि बायसनच्या कळपांमागं फिरणारे लोक. पेकोस या दोघांच्या मधल्या दारात बसलेलं. 'प्वेब्लो' म्हणजे स्पॅनिशमध्ये नुसतं गाव. दगडमातीची, धाब्याची, एकमेकांना चिकटलेली आणि मजल्यावर मजला चढवलेली घरं बघून स्पॅनिश लोकांनी त्या घरांना आणि त्यांत राहणाऱ्यांनाही तेच नाव दिलं. माणसं मका, घेवडा, भोपळा पिकवणारी. १५४० साली कोरोनादोच्या स्वारीतली तुकडी इथं पोचली तेव्हा दोनेक हजार वस्ती असावी. त्या स्वारीत असलेल्या कास्तान्येदानं गावाचं वर्णन लिहून ठेवलंय. चौकाभोवती चार मजली घरं, तळमजल्याला बाहेरून दार नाही, शिड्या वर ओढून घेतल्या की गाव बंद. वरच्या सज्जांवरून चालत, रस्त्याला पाय न लावता, अख्ख्या गावाला फेरी मारता येई. आपल्याकडं गावात एक गढी असते. इथं गढी हेच गाव.

पुढची कहाणी थोडक्यात. सतराव्या शतकात फ्रान्सिस्कन पाद्री आले, त्यांनी मोठं चर्च बांधलं. १६८० मध्ये बहुतेक प्वेब्लो गावं मिळून उठली, तेव्हा ते पाडलं गेलं, आणि पाद्र्यांच्या मठाच्या आवारातच लोकांनी आपला किव्हा, म्हणजे जमिनीखालचा गोल धर्मविधींचा सोपा, बांधला. स्पॅनिश परत आले, दुसरं लहान चर्च झालं. मग देवीच्या साथी, कोमांची लोकांचे हल्ले, आजूबाजूला नव्या वसाहती. १७७६ च्या मोजणीत अडीचशेच्या वर माणसं भरली. १८३८ मध्ये उरलेली सतरा-वीस माणसं गाव सोडून ऐंशी मैल पश्चिमेला हेमेझ या गावी गेली. हेमेझच का? कारण तोवा ही भाषा बोलणारी तेवढी दोनच गावं होती.

आता किडर. तिशीतला, हार्वर्डला शिकलेला, इजिप्तमध्ये खोदकाम केलेल्या राइसनरकडून शिस्त शिकलेला. मॅसॅच्युसेट्समधल्या अँडोव्हर इथल्या फिलिप्स अकादमीच्या वतीनं त्यानं १९१५ मध्ये पेकोसला काम सुरू केलं आणि मधे महायुद्धाचा खंड धरून १९२९ पर्यंत दहा हंगाम खोदलं. गाव निवडताना त्याचा हिशेब साधा होता. जुन्या काळ्या-पांढऱ्या भांड्यांच्या काळापासून थेट १८३८ पर्यंत वस्ती न तुटलेलं दुसरं गाव मिळणं कठीण. वरचा थर कागदपत्रांच्या काळातला, म्हणजे त्याचा काळ ठाऊक. तिथून खाली उतरत जायचं.

आणि उतरायचं कुठं? घरांत नाही, उकिरड्यात. पुस्तकाचा हा भाग आजही वाचताना हात थांबतो. सोंडेच्या पूर्व उतारावर गावानं शतकानुशतकं केर टाकलेला. राख, कोळसा, मक्याची बुरकुंडं, हाडं, मोडकी हत्यारं आणि अगणित खापरं. वरून बघणाऱ्याला तो नुसता डोंगर-उतार वाटावा. किडरनं चर घेतला आणि खाली जात राहिला. काही ठिकाणी केर वीस फुटांच्या आसपास खोल निघाला. चराची भिंत साफ केल्यावर एकावर एक निजलेले थर दिसले. कुठं राखेचा पट्टा, कुठं वाळूचा, कुठं पडक्या भिंतीचा मलबा. त्यानं प्रत्येक थराची खापरं वेगळी ठेवली, मोजली, प्रकार पाडले. तळाला काळ्या रंगाची नक्षी असलेली पांढरी भांडी, त्यावर शिशाच्या झिलईनं रंगवलेल्या भांड्यांचे एकामागून एक सहा प्रकार, सगळ्यात वर अलीकडची. खालचा प्रकार वर जाताना विरळ होत जातो, वरचा दाट होत जातो. ही दुकानदाराच्या वहीसारखी रोकडी गोष्ट आहे, आणि ती तशीच सांगितलीय, बडेजाव नाही.

ही पद्धत किडरनंच शोधली असं आपल्याच एका जुन्या टिपणात लिहिलंय, ते दुरुस्त करायला हवं. जवळच्या गालिस्तेओ खोऱ्यात नेल्स नेल्सननं १९१४ मध्ये उकिरड्याचे एकेक फुटाचे काप घेऊन हेच केलं होतं. किडरचं पाऊल पुढचं एवढ्यासाठी, की त्यानं फूटपट्टीनं काप न घेता केर जसा पडला तसा, थराच्या चढउताराबरोबर खोदला. उकिरडा कधी सपाट नसतो हे त्याला दिसलं. आपल्यातल्या ज्यांनी शेतातल्या बांधावर खड्डा मारून 'दोन फुटांवर अमुक, चार फुटांवर तमुक' अशी कोष्टकं केलीत (माझंही एक आहे), त्यांनी ही पानं पुन्हा वाचावीत.

हे सगळं १९२४ मध्ये, म्हणजे झाडांच्या वर्तुळांवरून सनावळी लावण्याचं डग्लसचं शास्त्र पूर्ण जुळण्याच्या पाच वर्षं आधी. किडरकडं सन नव्हता, नुसता क्रम होता. आणि केवळ क्रमाच्या बळावर त्यानं साऱ्या मुलखातल्या जुन्या वस्त्यांना एका रांगेत बसवायचा प्रयत्न केला. १९२७ मध्ये त्यानं पेकोसच्या छावणीत या विषयातल्या लोकांना बोलावलं आणि टोपल्या विणणाऱ्यांच्या काळापासून प्वेब्लो काळापर्यंतच्या टप्प्यांची नावं ठरली. ती परिषद आजही भरते.

इथपर्यंत कौतुक. तक्रार अशी की किडर गावाकडं बंद पेटीसारखं बघतो. पेटी उघडली, थर मोजले, पेटीत काय होतं ते कळलं. पण गावात बाहेरून काय आलं आणि गावातून बाहेर कोण गेलं, हे दोन प्रश्न त्या पेटीत मावत नाहीत. दोन्हीकडं पुस्तक चुकलं. एका चुकीची दुरुस्ती बारा वर्षांत झाली, दुसरीला पाऊणशे वर्षं लागली.

पहिली चूक भांड्यांची. किडरनं, त्या काळच्या सगळ्यांसारखंच, धरून चाललं की गावात सापडलेलं गाडगं गावातल्याच बाईनं घडवलं. मग भांड्यांचा घाट बदलला म्हणजे गावाची आवड बदलली, कला उतरली म्हणजे गाव उतरलं. पुढं त्याच्याच प्रकल्पात ॲना शेपर्ड आली. तिनं खापरांचे पातळ काप करून सूक्ष्मदर्शकाखाली धरले आणि मातीत मिसळलेल्या दगडाच्या भुकटीचे कण ओळखले. तो दगड कुठल्या भागातला हे सांगता येतं. पेकोसच्या झिलईच्या भांड्यांतला मोठा भाग पेकोसला झालेलाच नव्हता. तो गालिस्तेओ खोऱ्यासारख्या दुसऱ्या ठिकाणांहून आलेला होता. म्हणजे ज्या गावात कुंभारकाम घरोघरी चालतं असं समजलं जायचं, ते गाव पिढ्यान्‌पिढ्या भांडी बाहेरून आणत होतं. १९३६ मध्ये किडर आणि शेपर्ड यांच्या जोडनावानं हे छापून आलं. स्वतःच्या गृहीताला छेद देणारं काम त्यानं आपल्याच ग्रंथमालेत छापलं, हा त्याचा मोठेपणा. पण बघा, कास्तान्येदाचं लिखाण तर त्याच्या हाताशी होतं. मैदानातले लोक हिवाळ्यात गावाच्या कडेला येऊन राहतात, चामडी आणि मांस देऊन मका घेतात, हे सगळं स्पॅनिश कागदांत आहे. दारात बाजार भरणाऱ्या गावाच्या चुलीवर बाहेरचं मडकं असणारच, हे ओळखायला सूक्ष्मदर्शकाची गरज नव्हती. आपल्याकडची कुठलीही बाजारपेठ बघितलेल्या माणसाला ते सुचलं असतं.

कागदावर अविश्वास आणि चरावर भरवसा, याचं अजून एक उदाहरण चर्चचं आहे. बेनाविदेस या पाद्र्यानं १६३० मध्ये पेकोसच्या चर्चची फार वाखाणणी लिहिली. उभे असलेले अवशेष त्या मानानं लहान, म्हणून पाद्री फुशारक्या मारतो असं पुष्कळांचं मत झालं. १९६७ मध्ये जीन पिंकलीला त्या अवशेषांच्या खाली आणि बाहेर दुसरं, कितीतरी मोठं जोतं सापडलं. उभं होतं ते बंडानंतरचं दुसरं चर्च. पाद्री खरं बोलत होता.

दुसरी चूक हाडांची, आणि इथं नुसतं 'चूक' म्हणून भागत नाही. पुस्तकात एक प्रसंग किडर हसत हसत सांगतो. गावाची दफनभूमी सापडेना, म्हणून त्यानं मजुरांना सांगाड्यामागं पंचवीस सेंट बक्षीस लावलं. दुसऱ्या दिवशी एक निघाला, तिसऱ्या दिवशी सहा. बक्षीस दहा सेंटवर आणलं, तरी सांगाडे थांबेनात. शेवटी दिवाळं निघेल म्हणून बक्षीसच बंद करावं लागलं. ज्या उकिरड्याची वर स्तुती केली, त्याच्याच पोटात लोकांनी आपले मृत ठेवले होते. मी हा मजकूर पूर्वी वाचला तेव्हा हसलो होतो, हे आठवतंय. आपल्या बैठकीत तो गंमत म्हणून सांगितलाही होता.

दहा हंगामांत एकोणीसशेहून अधिक माणसांचे अवशेष वर निघाले. हाडं हार्वर्डच्या पीबॉडी संग्रहालयात गेली, सोबतच्या वस्तू बहुतेक अँडोव्हरला. एका कबरीचे असे दोन पत्ते झाले. हूटननं १९३० मध्ये त्या हाडांवर मोठा ग्रंथ लिहिला. वयं, आजार, जखमा यांचं त्यातलं काम पुढच्यांना उपयोगी पडलं. पण त्याच ग्रंथात एका गावातल्या, एकमेकांच्या आजी-पणजी असणाऱ्या माणसांच्या कवट्यांना तो 'खोटे निग्रो', 'खोटे ऑस्ट्रेलियन', 'लांब चेहऱ्याचे युरोपीय' अशा चिठ्ठ्या लावतो. नावं वाचूनच समजावं की मोजणाऱ्याच्या डोक्यात काय चाललं होतं.

आता कुणी म्हणेल, त्या काळात हे सगळेच करत. बरोबर. त्या काळच्या माणसाला आजचा कायदा लावू नये. पण माझा प्रश्न कायद्याचा नाही, माहितीचा आहे. पेकोसची माणसं कुठं आहेत हे किडरला ठाऊक होतं. ते गुपित नव्हतंच. बँडेलिअरनं १८८० मध्ये अवशेष पाहिले, तेव्हा शेवटचं गाव सोडून बेचाळीस वर्षंच झाली होती. ह्युएटनं १९०४ साली पेकोसवर लेख लिहिला तो हेमेझमध्ये राहणाऱ्या पेकोसच्या म्हाताऱ्यांकडून माहिती घेऊन. आणि त्या लेखाच्या नावात पेकोसला 'नष्ट झालेलं प्वेब्लो' म्हटलं! ज्याच्या तोंडून ऐकलं तो समोर बसलेला, आणि त्याचं गाव नष्ट. किडरच्या ग्रंथमालेतही एल्सी क्लूज पार्सन्सचा हेमेझवरचा अभ्यास १९२५ मध्ये निघाला, तो हेमेझमध्ये पेकोसचे वंशज आहेत म्हणूनच. म्हणजे जिवंत माणसांची दखल घेतली, पण वेगळ्या खंडात. त्यांच्याकडून विधी आणि नाती यांची माहिती घेतली. उकिरड्यातली हाडं मात्र कुणाची नव्हती, असंच चाललं.

हेमेझच्या लोकांनी पेकोस कधी सोडलंच नव्हतं, हे पुस्तकातल्या कुठल्याही थरात दिसत नाही. दर वर्षी २ ऑगस्टला पेकोसच्या चर्चमधल्या देवदूतांच्या माउलीचा सण हेमेझमध्ये होतो आणि त्या दिवशी पेकोसचा बैल नाचवतात. गावच्या कारभाऱ्यांत पेकोसच्या नावाचं पद आजही आहे. १९३६ मध्ये अमेरिकेच्या काँग्रेसनं कायद्यानं दोन्ही गावं एक केली. त्याच वर्षी शेपर्डचं काम छापून आलं. गाव बाहेरून माल घेत होतं हे खापरांवरून, आणि गाव बाहेर जाऊन जिवंत आहे हे कायद्यावरून, दोन्ही एकाच साली कागदावर आलं, आणि दोन्ही कागद एकमेकांना भेटले नाहीत.

इथं थोडं स्वतःविषयी. आपल्या महसुली दप्तरात उठलेल्या गावाला 'बेचिराग' म्हणतात, जिथं दिवा लागत नाही ते. लोकांच्या तोंडी त्याचं 'बेचिराख' झालं आणि राखेचा अर्थ चिकटला. बरीच वर्षं झाली, बेळगावपासून काही कोसांवरच्या अशाच एका बेचिराग गावावर मी मंडळासाठी निबंध लिहिला. जोती मोजली, खापरं काढली, दप्तरातली नोंद शोधली आणि शेवटी लिहिलं, 'हे गाव नामशेष झालं.' पुढं दोन-तीन वर्षांनी शेजारच्या गावात एका लग्नाला गेलो होतो. पंगतीत एका आजींनी विचारलं, "आमच्या जुन्या गावावर लिवलंय ते तुमीच काय? नामशेष म्हणजे कोण? आमी?" त्यांची माणसं साथीत उठून दीड मैलावर आली होती. देव अजून जुन्या जागी आणि नैवेद्य दर वर्षी तिथंच जातो. मी त्या गावात चार महिने फिरलो, आणि दीड मैलावर जाऊन एकदाही विचारलं नव्हतं. मी फार मोठा गुन्हा केला असं नाही. पण किडरवर बोट ठेवताना हे सांगायला हवं.

१९९० मध्ये अमेरिकेत मूळ लोकांचे अवशेष परत करण्याचा कायदा झाला. त्याआधारे हेमेझनं मागणी केली, संग्रहालयांशी वर्षानुवर्षं बोलणी झाली, यादीतला प्रत्येक सांगाडा नोंदींशी ताडून पाहिला गेला. गंमत अशी, की हे ताडणं जमलं ते किडरच्याच काटेकोर नोंदींमुळं. मे १९९९ मध्ये पूर्वेकडून ट्रक निघाला. हेमेझची माणसं, म्हातारी आणि पोरंसोरंही, ऐंशी मैल पायी चालत पेकोसला आली, १८३८ ची वाट उलटी चालत. २२ मेला एकोणीसशेहून अधिक जणांना पुन्हा मातीत ठेवलं. जागेवर खूण नाही.

किडर १९६३ मध्ये गेला. त्याची आणि त्याची बायको मॅडेलीन हिची कबर पेकोसलाच, अवशेषांपासून जवळ आहे.

पुस्तक आता कपाटात परत ठेवलंय. ज्यांना घ्यायचंय त्यांनी उकिरड्याचा भाग सावकाश वाचावा, बाकीच्या मुलखाच्या आढाव्यातली नावं आणि टप्पे आज बरेच बदललेत, तिथं फार अडू नये. 'अनासाझी' हा शब्द कुणाच्या टिपणात असेल तर तोही काढावा. तो नवाहो भाषेतला, परक्यांनी ठेवलेला आहे, आणि प्वेब्लो लोकांना तो नको आहे. मंडळाकडं पैसे असतील तर जॉन केसेलचं पेकोसवरचं १९७९ चं पुस्तक मागवावं. ते स्पॅनिश कागदांवरून लिहिलेलं आहे आणि त्यात माणसं नावानिशी भेटतात. माझ्या बेचिराग गावावरच्या निबंधातलं शेवटचं वाक्य बदलून पाठवतोय, जुना पाठ काढून तो घालावा. आजींकडं पुढच्या महिन्यात नैवेद्याला जायचंय. कुणाला यायचं असेल तर सांगा, जीपमध्ये तिघांची जागा आहे.